एक सोसायटी, एक वही: समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षातल्या संकल्पना वापरायच्या कशा

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षात संकल्पनांची रांगच लागते: समूह, दर्जा, भूमिका, प्रमाणके, सामाजीकरण, स्तरीकरण आणि त्यांच्या मागोमाग दुर्खीम, मार्क्स, वेबर. व्याख्या पाठ होतात, पेपरात उतरतात आणि पुढच्या सत्रात पुसल्या जातात. विषय अवघड म्हणून हे होत नाही, उलट वाचताना सगळेच ओळखीचे वाटते म्हणून होते. ‘भूमिका म्हणजे दर्जाला जोडलेले अपेक्षित वर्तन’ या वाक्याला कुणीही मान डोलावतो आणि पान उलटतो.

यावर एक उपाय चांगला लागू पडतो. एकच लहान जागा धरायची, चार आठवडे तिच्याकडे बघायचे आणि अभ्यासक्रमातली प्रत्येक संकल्पना तिथेच लावून पाहायची. कसोटी एकच: संकल्पना लावल्यावर आधी न सुचलेला निदान एक प्रश्न पडला पाहिजे. तो पडला नाही, तर संकल्पना नुसतीच चिकटवली गेली असे समजावे.

जागा कोणती

पुण्यात सुरुवातीला सगळ्यांना मंडई, तुळशीबाग किंवा गणपतीचे मंडळ सुचते. तिन्ही ठिकाणी गर्दी एवढी असते की नवख्याच्या हाती वर्णनापलीकडे काही लागत नाही. पुणेरी पाट्यांवर प्रकल्प करायचा मोहही आवरावा. पाटी फक्त नियम सांगते. तो कोण पाळतो आणि मोडला तर काय होते, हे पाटीवर लिहिलेले नसते.

त्यापेक्षा चाळीस ते शंभर फ्लॅटची एखादी सहकारी गृहनिर्माण सोसायटी बरी. कोथरूड, बिबवेवाडी, वडगाव शेरी, कुठलीही चालेल. तिथे निवडून आलेली कमिटी असते, वॉचमन असतो, घरकाम करणाऱ्या बायका येतात, कचरा गोळा करणारी बाई येते, मालक असतात, भाडेकरू असतात आणि या सगळ्यांची गाठ एकाच फाटकावर पडते. स्वतःची सोसायटी शक्यतो नको. तिथे तुम्ही ‘दुसऱ्या मजल्यावरच्या जोशींची मुलगी’ असता आणि वॉचमन तुमच्यासमोर जपूनच बोलतो. मैत्रिणीची सोसायटी घ्या.

सचिवांकडे लेखी परवानगी मागा: अर्धे पान, कॉलेजचे नाव, काय बघणार, किती दिवस. परवानगी मिळाली तरी वॉचमनला आणि कामवाल्या मावशींना वेगळे विचारायचे. सचिव त्यांच्या वतीने होकार देऊ शकत नाहीत. माणसांचे फोटो काढायचे नाहीत आणि वहीत कुणाचे नाव येऊ द्यायचे नाही. वॉचमन व-१, व-२. मावशी म-१, म-२, असे चालते.

वही

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे जे दिसले, ऐकू आले तेवढेच. उजवीकडे संकल्पना आणि प्रश्न. पहिला आठवडा उजवी बाजू कोरी राहू द्या. हाच भाग सगळ्यांना जड जातो, कारण हात लगेच ‘शोषण’, ‘पितृसत्ता’, ‘दर्जा’ लिहायला शिवशिवतो.

अर्ध्या-अर्ध्या तासाच्या आठ बैठका पुरतात. सकाळी साडेसहाला कचरा आणि दूध, अकराला मावशींची ये-जा, संध्याकाळी सातला मुले आणि गाड्या, रात्री दहाला पाळीबदल. यांतली प्रत्येक वेळ निदान दोनदा, एकदा कामाच्या दिवशी आणि एकदा रविवारी. अर्ध्या तासाची नोंद नीट लिहायला साधारण तास जातो आणि ती त्याच दिवशी लिहावी लागते. दुसऱ्या दिवशी संवादातले शब्द आपले होतात, त्यांचे राहत नाहीत.

‘वॉचमनला लोक कमी लेखतात’ ही नोंद नाही, तो निष्कर्ष आहे. नोंद अशी दिसते: ‘७.१०. पांढरी गाडी. दोनदा हॉर्न. व-१ चहाचा ग्लास खाली ठेवून फाटक उघडतो. चालक मान वळवत नाही. ७.१४. दुसरी गाडी, काच खाली. “काय काका, झाला का चहा?” व-१ हसतो, सलाम करतो. ग्लासातला चहा तसाच.’ हॉर्न आणि ‘काका’, दोन्हींचा परिणाम एकच झाला: तो उठला. मग ‘काका’ म्हटल्याने बदलले काय? असा प्रश्न पडला की दुसऱ्या आठवड्यात उजवी बाजू उघडायची.

दर्जा आणि भूमिका

राल्फ लिंटनने १९३६ साली केलेली अर्पित (जन्माने मिळालेला) आणि अर्जित (स्वतः कमावलेला) दर्जाची विभागणी सगळ्यांना येते. ती वापरायची अशी: एकच माणूस घ्या आणि त्याचे सगळे दर्जे ओळीने लिहा. व-१ पुरुष आहे, नवरा आहे, बाप आहे, गावाकडे दोन एकरांचा शेतकरी आहे, इथे वॉचमन आहे, खोलीचा भाडेकरू आहे. प्रत्येकापुढे ‘अर्पित’ किंवा ‘अर्जित’ लिहा. जिथे पेन अडते तिथे थांबा. शेतकरी अर्जित की अर्पित? जमीन वडिलांची, मशागत त्याची. वॉचमनची नोकरी त्याने मिळवली खरी, पण त्याच्या गावचे किती जण याच कामात आहेत? अडलेल्या जागांवर दोन ओळी लिहिल्या, तर उरलेल्या चार दर्जांवरच्या पानभर मजकुराहून जास्त हाती लागते.

इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, दर्जा म्हणजे मानमरातब समजणे. दर्जा म्हणजे समाजातली जागा. तिला मान किती, हा पुढचा प्रश्न. दुसरी, भूमिका-ताण आणि भूमिका-संघर्ष यांची अदलाबदल. ताण एकाच दर्जाच्या पोटात असतो. ‘प्रत्येक पाहुण्याची नोंद झालीच पाहिजे’ असे सचिव सांगतात आणि चेअरमनच्या मेव्हण्याला अडवले म्हणून चेअरमन झापतात, हा वॉचमन या एका दर्जातला ताण. मुलगी तापाने फणफणलेली असताना मावशीला साडेसातला कामावर हजर व्हायचे आहे, हा आई आणि कामगार या दोन दर्जांमधला संघर्ष. रॉबर्ट मर्टनने १९५७ साली मांडलेला भूमिका-संच इथे हाताशी ठेवा: या माणसाकडून नेमकी कोण कोण आणि काय काय अपेक्षा करते, याची यादी. वॉचमनची यादी एका पानात मावत नाही आणि तो दिवसभर का वैतागलेला असतो ते तिच्यातूनच कळते.

समूह

इथे थोडक्यात आटपते. स्वारगेटला बसची वाट बघणारे लोक म्हणजे जमाव. ‘पुण्यातले सगळे भाडेकरू’ म्हणजे वर्गवारी. लोणावळा लोकलच्या एकाच डब्यात रोज भेटणारे, एकमेकांची जागा धरणारे आणि कुणी चार दिवस दिसला नाही तर फोन करणारे लोक म्हणजे समूह. आंतरक्रिया, आपलेपणाची जाणीव आणि काही काळ टिकणे, या तिन्हींवर तपासा. मग सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप समूह आहे का, ते ठरवा. चार्ल्स कूली यांच्या १९०९च्या प्राथमिक समूहात, म्हणजे जवळच्या, समोरासमोरच्या नात्यांच्या समूहात, तो नक्कीच बसत नाही, पण तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांची भिशी कदाचित बसेल.

प्रमाणके, आणि मोडली तर काय

प्रमाणक, म्हणजे वागण्याचा सर्वांनी धरलेला नियम, शोधायला नियमावली वाचत बसू नका. ते मोडले जाते तिथे बघा. पीएमपीएमएलच्या बसमध्ये महिलांसाठी राखीव आसनावर एखादा तरुण बसला की कंडक्टर क्वचितच मध्ये पडतो. आधी शेजारची बाई बघते. मग मागून कुणीतरी ‘दादा, लेडीज सीट आहे’ म्हणते. तो उठला नाही तर आवाज चढतो आणि दोन अनोळखी पुरुषही बोलू लागतात. नजर, शब्द, आवाज, जमाव: शिक्षेची ही चढती भाजणी नोंदवली की अनौपचारिक सामाजिक नियंत्रण कळते.

विल्यम समनरने १९०६ साली लोकरीती आणि लोकनीती असा भेद केला. मोडणाऱ्याला लोक हसतात (लोकरीती) की त्याच्यावर संतापतात (लोकनीती), ही ढोबळ पण कामाची खूण. कायदा तिसरी गोष्ट आणि तो या दोघींच्या बरोबर असेलच असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमात हेल्मेटची सक्ती आहे, तरी पुण्यात तिला संघटितपणे विरोध झाला. इथे लोकरीतीचे बळ कायद्याविरुद्ध गेले. उलट, जातपंचायतीचा बहिष्कार ही औपचारिक कायद्याबाहेरची पण भयंकर शिक्षा. ती गुन्हा ठरवायला महाराष्ट्राला २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला. ‘अनौपचारिक म्हणजे सौम्य’ असे लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

एमिल दुर्खीमचे सामाजिक तथ्य (१८९५) इथेच समजते. तीन खुणा: ते माणसाच्या बाहेर असते, त्याच्यावर दाब टाकते आणि सर्वत्र पसरलेले असते. मेन्टेनन्सची रक्कम ठरावाने ठरते, ते कळायला सोपे. ‘जिन्यात भेटल्यावर आधी कोण बोलते’ हे कुणीच ठरवलेले नाही, तरी ते चुकले की दोन्हीकडे अवघडल्यासारखे होते. या दुसऱ्या उदाहरणाने उत्तर जास्त गुण मिळवते. मात्र दाब मोजायला मुद्दाम नियम मोडून बघायचे प्रयोग वॉचमन किंवा मावशींवर करू नका. त्यांना नाही म्हणायची मोकळीक नसते.

सामाजीकरण

मूल समाजात वागायला कसे शिकते हे कळायला संध्याकाळच्या बैठकीत मुलांचे खेळ बघा. जॉर्ज हर्बर्ट मीडची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९३४ साली पुस्तकरूपाने आली. त्यात लहान मुलाचे दोन टप्पे आहेत. भातुकलीत मूल एका वेळी एकच भूमिका घेते, आता आई, मग दुकानदार. खो-खोत तसे चालत नाही. आठ जण एकाआड एक विरुद्ध तोंडाने बसलेले, नववा धावतोय. खो कुणाला द्यायचा ते ठरवताना बाकीचे सगळे काय करतील हे एकाच वेळी डोक्यात असावे लागते. मीडचा ‘सामान्यीकृत इतर’ तो हाच. या खेळाचे नियम १९१४ साली डेक्कन जिमखान्याने बांधले, त्यामुळे हे उदाहरण पुण्यात शोभतेही. चार वर्षांचे पोर खो-खोत घेतले की खेळ का फिसकटतो, ते बघून लिहा. व्याख्या आपोआप येते.

नातेसंबंध

एका कुटुंबाचा तीन पिढ्यांचा आराखडा काढा: पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचे चिन्ह. माहिती आजीकडून घ्या, वडिलांकडून घेतली तर आईकडची बाजू निम्मी गळते. डेक्कन कॉलेजात काम केलेल्या इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या आप्तव्यवस्थांचे चार विभाग मांडले. महाराष्ट्र त्यांतल्या मध्य विभागात येतो, उत्तर आणि दक्षिण या दोन्हींच्या चालीरीती इथे भेटतात. अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालते. अशा लग्नात सुनेची सासू ही तिची आत्याच असते. सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणण्याची चाल आराखड्यावर ठेवून बघा. ज्या घरात असे लग्न पिढ्यांत झालेले नाही तिथेही हाक टिकली आहे का, हे विचारण्यासारखे आहे.

स्तरीकरण: इथे घाई करू नका

पहिल्या वर्षाच्या उत्तरांत सर्वांत जास्त गोंधळ इथेच. मार्क्सचा वर्ग म्हणजे श्रीमंत-गरीब असे धरले जाते. मार्क्ससाठी उत्पन्न हा निकष नाहीच, उत्पादनसाधनांशी नाते काय हा निकष आहे. सोसायटीजवळच्या रिक्षास्टँडवर जा. दोन रिक्षावाले, दोघांच्या अंगात खाकी, दिवसाची कमाई जवळपास सारखी. एकाची रिक्षा स्वतःची, दुसरा रोजच्या भाड्याने दुसऱ्याची चालवतो. दिवस वाया गेला तर पहिल्याचे उत्पन्न बुडते, दुसऱ्याला वर खिशातून भाडे द्यावे लागते. फाटकावर येणाऱ्या डिलिव्हरीवाल्या मुलाकडे मग याच नजरेने बघा. दुचाकी त्याची आहे, पण ऑर्डर कुणाला जायची हे ॲप ठरवते. उत्पादनसाधन दुचाकी म्हणायचे की ॲप? परीक्षेत याचे एकच बरोबर उत्तर नाही, पण प्रश्न नेमका मांडता आला पाहिजे.

मॅक्स वेबरने वर्ग (आर्थिक स्थिती), प्रतिष्ठा-गट (मान) आणि पक्ष (सत्ता) असे तीन पदर वेगळे केले. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात तुटपुंज्या पेन्शनवर राहणारे निवृत्त मास्तर आणि गेल्या दहा वर्षांत चार स्कीम उभ्या केलेला बिल्डर, यांना एकाच शिडीवर बसवता येत नाही, म्हणून वेबर लागतो. सत्तेबाबतही तो उपयोगी आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिला बसू दिले तर सोडू नका. चेअरमनचे ऐकले जाते ते पोटनियम आणि निवडणुकीमुळे, म्हणजे कायदेशीर-विवेकी अधिसत्ता. मागच्या रांगेतल्या ज्येष्ठ काकांचे ऐकले जाते म्हणून ‘पारंपरिक अधिसत्ता’ लिहिणे मात्र चूक. तिथे हुकूम मानण्याचा प्रश्न नाही, ते वजन आहे. शिवाय वेबरचे अधिसत्तेचे तिन्ही प्रकार (कायदेशीर-विवेकी, पारंपरिक आणि करिष्म्यावर उभी) ही तुलनेसाठी मुद्दाम टोकदार केलेली प्रारूपे आहेत. शुद्ध नमुना प्रत्यक्षात शोधू नका, आपला माणूस त्यापासून किती आणि का दूर पडतो ते लिहा.

जातीकडे येऊ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली जातिव्यवस्थेची सहा लक्षणे सांगितली: खंडात्मक विभागणी, उतरंड, खाण्यापिण्यावरचे व संबंधांवरचे निर्बंध, नागरी-धार्मिक हक्क आणि निर्हक्क, व्यवसायाची बंधने, विवाहाची बंधने. सहाच्या सहा पाठ म्हणण्यापेक्षा कोणते लक्षण सोसायटीत कुठे दिसते ते शोधा. ड्रेनेज तुंबल्यावर कोण बोलावले जाते? कचरा उचलणाऱ्या बायका कोणत्या समाजांतून येतात? हे थेट जात विचारून जाणून घ्यायचे नसते. कामात कसे आलात, आधी घरात कोण हे काम करत होते, असे विचारले की उत्तर येते.

विवाहाचे लक्षण तपासायला वर्तमानपत्रातल्या रविवारच्या ‘वधू पाहिजे – वर पाहिजे’ जाहिराती घ्या. पंचवीस आणि पंचवीस, एकूण पन्नास. रकाने आधी ठरवा: जात, पोटजात, पत्रिका, शिक्षण, पगार, फ्लॅट किंवा शेती, रंग-उंची, जातीबद्दलची अट. पहिल्या दहा जाहिराती मैत्रिणीलाही वेगळ्या भरायला द्या. दोघींच्या नोंदींत दोनांहून जास्त ठिकाणी फरक आला तर रकान्याची व्याख्या सैल आहे, ती घट्ट करून पुन्हा सुरुवात. एक ओळ नीट बघा: ‘आंतरजातीय चालेल, एससी-एसटी क्षमस्व’. बंधन सैल झाले ते किती आणि कुणासाठी, हे या पाच शब्दांत उघडे पडते. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात अंतर्विवाह, म्हणजे जातीतच लग्न, हाच जातीचा गाभा मानला. घुर्येंच्या यादीत विवाह सहांतला एक आहे, आंबेडकरांकडे तो मुळाशी आहे. पन्नास जाहिराती समोर असताना हा फरक जितका कळतो तितका नोट्स वाचून कळत नाही.

घुर्येंचे विद्यार्थी म. न. श्रीनिवास यांचे संस्कृतीकरण (१९५२) सगळीकडे वापरले जाते आणि बहुतेक वेळा चुकीचे. एका घराने मांसाहार सोडला तर ते संस्कृतीकरण होत नाही. एखादी जात किंवा गट वरच्या जातीच्या चालीरीती उचलून उतरंडीतली आपली जागा वर सरकवू पाहतो, तेव्हाच हा शब्द.

एकच नोंद, तीन सिद्धांत

सिद्धांत वेगवेगळ्या उदाहरणांवर लिहिले की तिन्ही बरोबरच वाटतात. म्हणून एकच नोंद तिन्हींना द्या. उदाहरणार्थ: ‘म-३ चौथ्या मजल्यावर धुणीभांडी करते. घरातल्या ताई तिला “मावशी” म्हणतात, मुलेही. साडेदहाला चहा. ताई खुर्चीवर, म-३ दाराशी खाली. दोघी मुलीच्या शाळेबद्दल बोलतात. म-३ आपला कप धुऊन ओट्याखाली, वेगळ्या जागी ठेवते.’

कार्यवाद विचारतो की ‘मावशी’ या हाकेने काय साधते. परक्या बाईच्या हाती घराची किल्ली द्यायची तर भरवसा लागतो आणि हाक तो तयार करते. मर्टनचा प्रकट (उद्देश ठेवून केलेल्या) आणि अप्रकट (नकळत घडणाऱ्या) कार्यांचा भेद १९४९चा. प्रकट कार्य घर आवरणे, अप्रकट कार्य हे की ताईंची हिंजवडीतली नोकरी त्याच्या जोरावर चालते. अप्रकट म्हणजे वाईट नव्हे. वाईट परिणामाला अपकार्य म्हणतात, आणि इथे ते आहेच: नात्याच्या भाषेमुळे रजा, बोनस, आजारपण काहीच कागदावर येत नाही. प्रत्येक कार्यापुढे ‘कुणासाठी?’ लिहायची सवय लावा. कार्यवादावरची निम्मी टीका तेवढ्याने लिहून होते.

संघर्षवाद म्हणतो, हाक मायेची आणि व्यवहार मजुरीचा. वेळ कोण ठरवते, काढून टाकायचा अधिकार कुणाला? ‘स्वतःतला वर्ग’ (सारख्या स्थितीतले, पण विखुरलेले लोक) आणि ‘स्वतःसाठीचा वर्ग’ (ती स्थिती ओळखून संघटित झालेले) हा मार्क्सचा भेद पुण्याच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. १९८० साली इथल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत झाली. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८चा. पण वेगळा कप वर्गाने उलगडत नाही, तिथे जात आणावी लागते. आंबेडकरांची श्रेणीबद्ध विषमता इथे लावा. म-३ स्वतः संडास साफ करणाऱ्या बाईच्या हातचा चहा घेते का? प्रत्येक पायरीला खाली आणखी एक पायरी असेल, तर सगळ्या खालच्यांनी एकत्र येणे किती कठीण होते, हे त्या एका प्रश्नात येते. हे फक्त स्वयंपाकघरात घडते असेही नाही. वारीत दिंडीबरोबर चाललेल्या इरावती कर्वे यांनी जातीनुसार वेगळ्या पंगती पाहिल्या आणि त्याबद्दलची खंत लिहून ठेवली.

प्रतीकात्मक आंतरक्रियावाद, हे नाव हर्बर्ट ब्लूमरने १९३७ साली दिले, तो कपाच्या अर्थाशी थांबतो. म-३ला तो अपमान वाटतो, सोय वाटते की ‘माझा कप’ वाटतो? विचारल्याशिवाय लिहायचे नाही. आणि पाहुणे आल्यावर काय होते? तोंडावर ‘मावशी’, पाहुण्यांशी बोलताना ‘आमची कामवाली’. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनची पुढची (लोकांना दाखवायची) आणि मागची (त्यांच्या नजरेआडची) बाजू ती हीच. मंगल कार्यालयात पंगतीतला आग्रह आणि भटारखान्यातली शिवीगाळ यांत एकाच दाराचे अंतर असते, तसे. या दृष्टिकोनाची मर्यादाही लगेच दिसते: चौथ्या मजल्यावरचा अर्थ कळतो, पण सगळ्या मजल्यांवर वेगळाच कप का, याचे उत्तर मिळत नाही.

शेवटी ‘तिन्ही दृष्टिकोन परस्परपूरक आहेत’ हे वाक्य लिहू नका. सर्वांत आळशी वाक्य ते. या नोंदीत कोणत्या सिद्धांताने काय उलगडले आणि कोण कुठे अडला, एवढे लिहा.

मुलाखती आणि आकडे

सहा मुलाखती पुरे: दोन वॉचमन, दोन मावशी, एक कमिटी सदस्य, एक भाडेकरू. प्रत्येकी चाळीस मिनिटांच्या आत. मावशींची मुलाखत कामाच्या घरी घेऊ नका. बाईसाहेब शेजारच्या खोलीत असताना ‘सगळं छान आहे’ याखेरीज काही कानावर पडणार नाही. बसथांब्यापर्यंत सोबत चालत जा. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न टाळा, त्यांची उत्तरे समर्थनाच्या सुरात येतात. ‘काल सकाळपासून काय काय झालं?’ हा प्रश्न जास्त देतो.

सहा माणसांची टक्केवारी काढू नये. ‘६६ टक्के कामगार असमाधानी’ असे लिहून आले की परीक्षकाचा पुढच्या पानांवरचा विश्वास उडतो. आकडे हवे असतील तर जनगणनेचे घ्या, पण हद्द तपासून. २०११च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे ३१ लाख होती. त्यानंतर २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे हद्दीत आली. आजच्या शहराबद्दल बोलताना तो आकडा तसाच उचलला तर दोन वेगळ्या शहरांची तुलना होते. कुटुंबाची प्रश्नावली कशी बांधावी याचा जुना पण भक्कम नमुना हवा असेल, तर पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी केलेले आणि १९४५ व १९५२ साली दोन भागांत प्रसिद्ध झालेले पुण्याचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण चाळा.

एका जागेतून मोठ्या प्रश्नाकडे जायचे ते राइट मिल्सच्या वाटेने (१९५९): खासगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न. सोसायटीत कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरते भाडे देऊन राहणारा, नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बारा तास बसणारा मुलगा तिसऱ्यांदा स्पर्धा परीक्षा नापास झाला, तर ती त्याची अडचण. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असतील, तर तो सार्वजनिक प्रश्न, मग त्याच्या अभ्यासाच्या वेळापत्रकावर बोलत राहण्यात अर्थ नाही.

लिहिताना

अहवाल पंधराशे ते अठराशे शब्दांचा. सोसायटीचे वर्णन दीडशे शब्दांत संपवा. मधे तीन-चारच संकल्पना घ्या, ज्यांनी खरोखर प्रश्न दिला त्या. बाकीच्या कितीही आवडल्या तरी गाळा. प्रत्येक दाव्याखाली वहीतली नोंद तारखेसकट आली पाहिजे. न जुळणारी निदान एक नोंद मुद्दाम ठेवा. एखाद्या घरात मावशी खुर्चीवर बसून चहा घेत असेल, तर ते घर वगळू नका, वेगळे का ते शोधा.

प्रत सचिवांना देण्याआधी एकदा व-१ आणि म-३ यांच्या जागी बसून वाचा. नावे काढली म्हणजे ओळख लपली असे होत नाही. साठ फ्लॅटच्या सोसायटीत ‘रात्रपाळीचा, दोन मुलींचा बाप असलेला, मराठवाड्यातला वॉचमन’ एकच असतो, आणि ‘चेअरमनच्या पाहुण्याला अडवले म्हणून झापले’ हे वाक्य कुणी सांगितले ते चेअरमनला पहिल्या वाचनातच कळते. जिल्हा, मुलांची संख्या, पाळी यांतले दोन तपशील बदला, तसे बदलल्याचे पद्धतीच्या परिच्छेदात लिहा आणि त्या माणसाची नोकरी धोक्यात येईल अशी नोंद कितीही चांगली असली तरी कॉलेजच्या प्रतीपुरतीच ठेवा.